पत्नीचा परदेशप्रवेश

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कन्येचा विवाह येथें कोल्हापुरांत झाला. वर अमेरिकेंतील कायम रहिवासी, म्हणजे लोकांच्या भाषेंत ‘ग्रीन कार्ड’वाला. तीन आठवड्यांनीं जांवई एकटाच परत गेला व मुलगी माहेरीं राहिली. ‘गुरुजी, नवऱ्याला मुभा, मग बायकोला कां नाहीं?’ असें तिच्या वडिलांनीं विचारलें तेव्हां आम्हांस उत्तर सुचेना. मग नियम वाचावयास बसलों.

सप्तपदीनें पत्नीपद लाभतें, प्रवेशाधिकार लाभत नाहीं. अमेरिकेच्या नागरिकाच्या पत्नीस वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. कायम रहिवाशाची पत्नी मात्र ‘एफ-२-ए’ वर्गांत पडते, आणि त्या वर्गास दरसाल ठराविकच व्हिसा असतात. पतीनें ‘आय-१३०’ अर्ज ज्या दिवशीं दाखल केला, तीच तिची रांगेंतील तारीख. तेव्हां ‘सणवार आटोपूं द्या, मग अर्ज करूं’ म्हणणें हा शुद्ध वेडेपणा होय. सामान्यतः ५ वर्षांच्या वास्तव्यानंतर पतीस नागरिकत्व मागतां येतें. तें मिळाल्यास पत्नीची रांग सुटते. वाङ्निश्चय करून तिकडेच लग्न लावण्याची ‘के-१’ वाट केवळ नागरिकाच्या वाग्दत्त वधूस मोकळी आहे. कॅनडांत राहणाऱ्या कायम रहिवाशास पत्नीच काय, वर्षभर एकत्र राहिलेला अविवाहित जोडीदारही बोलावतां येतो. हें आम्हीं मोठ्यानें वाचतांच घरांतून चष्मा पुसल्याचा आवाज आला!

ही अडचण नवी नव्हे. १९१३ च्या मार्चमध्यें दक्षिण आफ्रिकेंत न्यायमूर्ति सर्ल यांनीं निर्णय दिला कीं, बहुपत्नीत्वास मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीनें झालेलें लग्न तेथें ग्राह्य नाहीं. एका निर्णयानें हजारों हिंदी स्त्रियांचें पत्नीपद संशयांत पडलें! त्या वर्षीं कस्तुरबा तुरुंगांत गेल्या, आणि कागल-कोल्हापुरांत शिकलेले गोपाळराव गोखले यांनीं त्या लढ्यासाठीं हिंदुस्थानांत निधि जमविला. १९१४ च्या कायद्यानें एका पत्नीपुरती मान्यता मिळाली.

आतां पुरावा नोंदणीचा. विवाहनोंदणीचा दाखला हवाच. लग्नपत्रिका, छायाचित्रें, पत्रव्यवहारही जपावा. पारपत्रांत माहेरचें नांव व दाखल्यांत सासरचें, असा घोळ आमच्या मुलीचाही झाला होता. नांव बदललेंच पाहिजे असें नाहीं. तें सर्व कागदांत जुळावें. लग्नास २ वर्षें होण्यापूर्वीं पत्नी तेथें पोंचली, तर तिचें वास्तव्य २ वर्षेंपर्यंत सशर्त असतें, आणि मुदत संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत उभयतांनीं पुन्हा अर्ज करावा लागतो.

अर्ज गेला आहे. अमेरिकन सरकार दरमहा ‘व्हिसा बुलेटिन’ काढतें. मुलीचे वडील पंचांग पाहावें तशी त्यांतील तारीख पाहतात. परवां भेटले ते म्हणाले, ‘या महिन्यांत कांहीं सरकली नाहीं.’ मुलगी आंत जांवयाशीं दूरध्वनीवर बोलत होती. तिकडे तेव्हां मध्यरात्र असावी.