बिल भाडेकरूचे, गच्ची मालकाची

पुण्यातील ज्या इमारतीत मी भाड्याने राहते, तिथल्या जिन्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जिन्यात आणि वाहनतळात मिळून पाच दिवे आहेत. त्या जागी पूर्वी चोकवाल्या ट्यूबलाईट होत्या. त्या काढून एलईडी दिवे बसवल्याला बरीच वर्षे झाली. पण याच इमारतीतील आठही बिऱ्हाडांत आंघोळीचे पाणी मात्र विजेच्या गीझरवर तापत होते, आणि वर गच्चीवर ऊन नुसते पडून वाया जात होते.

इमारत एक, मालक एक; मग जिन्यात एक न्याय आणि घरात दुसरा, असे का? उत्तर सोपे आहे. जिन्यातील दिव्यांचे बिल घरमालक भरतात, गीझरचे बिल आम्ही भरतो.

भाड्याच्या घरांत ऊर्जेची बचत का होत नाही, याचे निम्मे कारण या एका वाक्यात आहे. जो खर्च करू शकतो त्याला बचतीचा लाभ मिळत नाही. ज्याला लाभ मिळेल त्याला खर्च करण्याचा अधिकार नाही, आणि असला तरी धीर होत नाही. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने कोणत्याही मुदतीच्या कराराची नोंदणी सक्तीची केली, तरी अकरा महिन्यांची सवय सुटलेली नाही. ज्या वस्तूची किंमत वसूल व्हायला सहा वर्षे लागतात, ती अकरा महिन्यांचा पाहुणा कशाला बसवील?

आधी गणित, मग खरेदी

सुरुवात कुठून करायची हे अंदाजाने ठरवू नये, आकडेमोड करून ठरवावे. शाळेतील भौतिकशास्त्र त्याला पुरेसे आहे.

आंघोळीची एक बादली २० लिटरची धरू. पाणी २५ अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणून २० × ४.२ × २० = १६८० किलोज्यूल. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे एका बादलीला सुमारे ०.४७ युनिट वीज लागते.

आता पंपाचे पाहू. १००० लिटर पाणी २० मीटर उंच चढवायचे, तर वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची, म्हणजे १००० × ९.८ × २० = १९६ किलोज्यूल. हे जेमतेम ०.०५४ युनिट झाले. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ३० टक्केच धरली, तरी ०.१८ युनिट पुरते.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. एक बादली पाणी तापवायला जेवढी वीज लागते, तेवढ्या विजेत अडीच हजार लिटर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढते! नळ गळता ठेवू नये, हे खरेच. सेकंदाला एक थेंब पडला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. ते पाण्यासाठी वाचवायचे. विजेचे बिल कमी करायचे असेल, तर आधी गीझरकडे पाहिले पाहिजे.

उचलून नेता येते ते आणि न येते ते

ऊर्जा वाचवण्याच्या उपायांचे भाड्याच्या घरापुरते दोन गट पाडता येतात. पहिला गट भाडेकरूला घर सोडताना बरोबर नेता येईल अशा वस्तूंचा. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटर असलेला पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालला, तर दिवसाला ०.५४ आणि महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. असा पंखा भाडेकरूने स्वतःचा घ्यावा आणि जाताना काढून न्यावा.

दुसरा गट इमारतीला चिकटलेल्या गोष्टींचा: सौर बंब, नळांची जोडणी, गच्चीचा पृष्ठभाग, खिडक्यांवरील छज्जे. ही कामे मालकानेच करायची आणि त्यात त्याला काहीतरी मिळायला हवे. नुसत्या उपदेशाने ती होत नाहीत.

आमच्या घरमालकांना आम्ही काका म्हणतो. सौर बंबाचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "अहो, पैसे मी घालायचे आणि बिल तुमचे कमी व्हायचे. मला काय मिळणार?" प्रश्न रास्त होता. मग आम्ही वही घेऊन बसलो.

चौघांच्या कुटुंबाला रोज चार बादल्या, म्हणजे गीझरमधून वाया जाणारी उष्णता धरून सुमारे दोन युनिट. पावसाळी दिवस सोडून वर्षाचे २७० दिवस सौर बंब चालेल असे धरले. आठ बिऱ्हाडांची मिळून ८ × २ × २७० = ४३२० युनिट बचत झाली. युनिटला आठ रुपये धरले, तर वर्षाला ३४,५६० रुपये. म्हणजे दर बिऱ्हाडाला महिना सरासरी ३६० रुपये.

नळजोडणीसह बंबाचा खर्च दोन लाख रुपये धरला. मालकाने दर बिऱ्हाडाचे भाडे महिना २५० रुपयांनी वाढवले, तर वर्षाला २४,००० रुपये मिळतात आणि भांडवल आठ वर्षे चार महिन्यांत वसूल होते. बंब पंधरा वर्षे टिकला तर एकूण ३ लाख ६० हजार रुपये येतात. भाडेकरूचे भाडे २५० ने वाढते, बिल ३६० ने उतरते. महिना ११० रुपये त्याच्याही हातात राहतात. एका युनिट विजेमागे आपल्याकडे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने वर्षाला तीन टन वायू टळतो.

हा नफा डोळे दिपवणारा नाही. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साठतात, आणि त्यांच्या सफाईचा खर्च वजा करावा लागतो. पण पुण्यासारख्या महापालिकांनी सौर बंब बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत दिलेली आहे, ती जमेला धरता येते. मुख्य म्हणजे दोघांचाही फायदा आहे, आणि त्यासाठी एकाने दुसऱ्यावर उपकार करावे लागत नाहीत.

रिकाम्या घराचे भाडे

काकांना खरे पटले ते दुसऱ्याच एका आकड्याने. चौथ्या मजल्यावरचे एक घर दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत रिकामे होई. आमच्या समोरच्याच दारात एक आजी राहत. रात्री दहा वाजता त्या जिन्यात चटई टाकून बसलेल्या असत, कारण आत छत तापलेले असे. दिवसभर उन्हात तापलेला काँक्रीटचा स्लॅब ती उष्णता सावकाश आत सोडतो. म्हणून सूर्य मावळल्यावरही वरच्या मजल्यावर उकाडा कमी होत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने घर बदलले.

घर वर्षात एक महिना रिकामे राहिले, तर वर्षाच्या उत्पन्नाचा बारावा भाग, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक बुडतो. भर दुपारी एका चौरस मीटर गच्चीवर सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते. काळपट गच्ची त्यातील बहुतेक शोषून घेते, तर चुन्याचा ताजा पांढरा थर बराच मोठा भाग परत पाठवतो. आमच्या गच्चीला डिंक मिसळून चुन्याचे दोन हात दिले. त्याला आलेला खर्च एका घराच्या महिन्याभराच्या भाड्याहून कमी होता. धूळ आणि शेवाळ यांमुळे पांढरेपणा कमी होतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी हे काम पुन्हा करावे लागते. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही तिथे सुरू झाले.

जर्मनीतील तडजोड

हा पेच फक्त आपला नाही. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात आणि तिथे मोठा खर्च असतो तो घर गरम ठेवण्याचा. १९८१ च्या नियमाने या खर्चाचा किमान ५० आणि कमाल ७० टक्के भाग प्रत्येक बिऱ्हाडाच्या प्रत्यक्ष वापरानुसार वाटायचे ठरले. त्यामुळे भाडेकरू काटकसर करू लागला, पण भिंतीच उष्णता बाहेर सोडत असतील तर तो काय करणार? म्हणून १ जानेवारी २०२३ पासून इंधनावरील कार्बन शुल्क मालक आणि भाडेकरू यांच्यात दहा पायऱ्यांनी विभागले जाते. इमारत सर्वांत वाईट असेल, तर ९५ टक्के शुल्क मालकाने भरायचे. उत्तम असेल, तर सगळे भाडेकरूने. ज्याच्या हातात दुरुस्ती आहे, त्याच्याच खिशाला झळ बसावी, हे त्यामागचे तत्त्व.

शिक्षकांना हा विषय वर्गात घेता येईल. मुलांना आपापल्या घराचे विजेचे बिल आणायला सांगावे. नळाखाली मोजपात्र ठेवून थेंब मोजावेत. गच्चीवर दोन सारख्या फरशा, एक चुना लावलेली आणि एक तशीच ठेवून, दुपारी दोन वाजता आणि रात्री आठ वाजता तापमान घ्यावे. शेवटी फळ्यावर तीन रकाने काढावेत: खर्च कोणाचा, लाभ कोणाचा, अधिकार कोणाचा. तिन्ही रकान्यांत एकच नाव आले तर ते काम झालेले आढळेल. नावे वेगळी आली तर बहुधा राहिलेले.

आमच्या गच्चीवर आता बंब आहे. समोरच्या घरात नवे बिऱ्हाड आले आणि गेला मे महिना ते तिथेच राहिले. काका अजून वही जपून ठेवतात आणि दर महिन्याला २५० चा हिशेब त्यात मांडतात.