सात टक्क्यांचा घोळ

प्रभावी भाषण शिकवणारी चार-दोन पुस्तकं चाळली, किंवा व्यक्तिमत्त्व विकासाच्या एखाद्या वर्गात जाऊन बसलं, की एक हिशेब हमखास कानावर पडतो: श्रोत्यावर शब्दांचा परिणाम ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. थोडक्यात, कोट नीट घाला, मजकुराचं बघू नंतर!

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाचे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन छोट्या अभ्यासांतून त्यांनी ते जुळवले. त्यात भाषण नव्हतंच. निरनिराळ्या सुरांत म्हटलेले सुटे शब्द ऐकवले होते. एका अभ्यासात तर ‘मेबी’ हा एकच शब्द, आणि सोबत चेहऱ्याची छायाचित्रं. बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आवड आहे की नावड, एवढंच ओळखायचं होतं. ५५ टक्के आहेत ते चेहऱ्याचे. हातवारे, चालणं, उभं राहणं कुणी मोजलंच नाही. तोंडाने ‘बरं’ म्हणत कपाळाला आठी घातली तर आपण आठीवर विश्वास ठेवतो, इतकाच याचा अर्थ. भावना आणि आवड-नावड यांपलीकडे हे समीकरण लावू नये, असं खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केलंय. नाहीतर तमिळचं अक्षरही न कळणाऱ्याला तमिळ भाषण ९३ टक्के समजायला हवं.

थोर वक्ते ऐनवेळी सुचेल ते बोलतात, हा दुसरा लाडका समज. दाखला ठरलेला: मार्टिन ल्यूथर किंग, वॉशिंग्टन, २८ ऑगस्ट १९६३. लिहून आणलेल्या मजकुरात ‘माझं एक स्वप्न आहे’ हा गाजलेला भाग नव्हता, हे खरंच आहे. पण तेच स्वप्न त्यांचं नोव्हेंबर १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटला आणि जून १९६३ मध्ये डेट्रॉइटला सांगून झालं होतं. गावोगावी रंगलेलं आख्यान कीर्तनकार आयत्या वेळी लावतो, तसं ते आलं. ‘तयारी नको, मनापासून बोला’ असा सल्ला देणाऱ्यांनी हा दाखला तरी देऊ नये.

राहिलं ते मरणापेक्षाही भाषणाचं भय मोठं असल्याचं विधान. १९७३ च्या एका अमेरिकी पाहणीत, ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते त्या यादीतून निवडायच्या होत्या. ४१ टक्क्यांनी भाषण निवडलं, १९ टक्क्यांनी मरण. दोन्हींपैकी कशाला जास्त घाबरता, हे कुणी विचारलंच नव्हतं.