ओलावा आणि विटाळ : एक तुलना

ज्यू धर्मशास्त्रातील भोजनपूर्व हस्तप्रक्षालनाचा नियम मुख्यतः भाकरीशी निगडित आहे. त्याला एक पोटनियम आहे. द्रवात बुडविलेला वा द्रवाने ओला असलेला पदार्थ हाताने खावयाचा असेल, तरीही हात विधिपूर्वक धुतले पाहिजेत. तालमूदच्या ‘पेसाहीम’ या प्रकरणात हा नियम आढळतो. त्यामागील कल्पना बायबलातील ‘लेवीय’ या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात आहे. कोरड्या बियाण्यास विटाळ लागत नाही. त्यावर पाणी घातले की ते विटाळास पात्र होते. न धुतलेल्या हातांची अशुद्धी प्रथम द्रवास लागते व त्याच्याद्वारे पदार्थात शिरते.

मिश्नामधील संबंधित प्रकरणाचे नाव ‘मख्शिरीन’, म्हणजे ‘पात्र करणारे’ पदार्थ. ‘कोशेर’ हा शब्दही याच धातूपासून आला आहे. तेथे सातच द्रव मानले आहेत : पाणी, दव, द्राक्षांचे मद्य, ऑलिव्हचे तेल, दूध, रक्त आणि मधमाशांचा मध. इतर फळांचे रस यांत मोडत नाहीत. अर्थात ‘ओले’ ही येथे स्पर्शाने ठरणारी नव्हे, तर शास्त्राने ठरविलेली कोटी आहे.

मराठी आचारातील ‘खरकटे’ ही कल्पना येथे सहज आठवते. परभणीसारख्या ज्वारीच्या मुलखात पाण्यात मळलेली भाकरी सोवळे पाळणाऱ्या घरांत खरकटी मानली जाई. दुधात मळलेली दशमी मात्र प्रवासात चाले. दोन्ही परंपरांत विटाळाचे वाहन ओलावाच आहे. परंतु दुधाविषयीचा निर्णय नेमका उलट आहे : एकीकडे दूध विटाळास वाट देते, दुसरीकडे ते पदार्थास त्यापासून वाचविते. म्हणून हा नियम मराठीत सांगताना ‘सोवळे’ हा तयार शब्द योजल्यास अर्थविपर्यास होतो.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मराठी ही कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ पुण्यात 1874 मध्ये मराठी भाषांतरासह छापली गेली. त्या रात्रीच्या विधिक्रमात भाजी द्रवात बुडविण्यापूर्वी हात धुतात, पण आशीर्वचन म्हणत नाहीत. याचे कारण मतभेदात आहे. इ. स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर नष्ट झाल्यानंतर शुद्धीचे जुने नियम पाळणे शक्य राहिले नाही; तेव्हा या प्रक्षालनाची आवश्यकता उरली नाही, असे काही मध्ययुगीन भाष्यकारांचे मत. सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरूख’ या संहितेने मध्यम मार्ग स्वीकारला : हात धुवावेत, आशीर्वचन मात्र म्हणू नये. संशयाच्या स्थळी कृती राखावी आणि ईश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये, हे त्यातील सूत्र होय.