हवेतलं जहाज पाण्यात बुडालं…

आगीची धास्ती नसलेल्या ‘अ‍ॅक्रन’ला काळानं समुद्रात गाठलं!

३ एप्रिल १९३३ची संध्याकाळ. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या लेकहर्स्ट तळावर धुकं उतरलं होतं. त्या धुक्यातच नौदलाचं ७८५ फूट लांबीचं हवाई जहाज ‘अ‍ॅक्रन’ आकाशात झेपावलं. काम तसं किरकोळ. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रांची यंत्रं तपासायला मदत करायची, बस्स! जहाजावर ७६ माणसं होती. त्यांत नौदलाच्या हवाई शाखेचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल विल्यम मॉफेटही होते. अशा जहाजांचे ते खंदे पुरस्कर्ते. ‘अ‍ॅक्रन’चं जुळं भावंड ‘मेकन’ याचं नामकरण त्यांच्या पत्नीच्या हस्ते होऊन महिनाही उलटला नव्हता.

हवाई जहाज म्हटलं की लोकांना आधी आग आठवे. हिंदुस्थानकडे निघालेलं ब्रिटनचं ‘आर-१०१’ ऑक्टोबर १९३०मध्ये फ्रान्समध्ये कोसळून पेटलं आणि ४८ जणांचा बळी गेला. त्यात हायड्रोजन होता. ‘अ‍ॅक्रन’मध्ये मात्र न पेटणारा हेलियम. मग चिंता कसली?

रात्री विजांच्या वादळानं जहाजाला घेरलं. मध्यरात्रीनंतर ते एकाएकी खाली ओढलं जाऊ लागलं. वजन कमी करायला पाणी सोडून दिलं, तेव्हा कुठे ते सावरलं. पण काही मिनिटांतच पुन्हा तीच घसरण!

इथे यंत्रानंच दगा दिला. उंची दाखवणारं ते यंत्र खरं तर हवेचा दाब मोजायचं. उंच जावं तसा दाब घटतो, त्यावरून काटा फिरतो. पण वादळाच्या पोटातही दाब घटलेलाच असतो! बिचाऱ्या काट्याला हा फरक कुठून कळणार? तो दाखवत होता त्यापेक्षा समुद्र कितीतरी जवळ होता. कमांडर फ्रँक मॅककॉर्ड यांनी जहाजाचं नाक वर उचलायला लावलं. साहजिकच एवढ्या लांबलचक जहाजाचं शेपूट आणखी खाली गेलं आणि लाटांवर आदळलं. पाहता पाहता जहाज मोडलं.

समुद्रावरून जाणारं हे नौदलाचं जहाज, पण त्यावर लाइफ जॅकेट नव्हती! रबरी तराफा होता एकच, तोही काढायला उसंत मिळाली नाही. गारठलेल्या पाण्यात माणसं एकेक करून दिसेनाशी झाली. जवळून जाणाऱ्या ‘फीबस’ या जर्मन जहाजानं चौघांना बाहेर काढलं. त्यांतला एक दगावला. एकूण ७३ जण गेले. मॉफेट आणि मॅककॉर्डही त्यांतच. शोधाला गेलेलं एक छोटं हवाई जहाजही कोसळलं आणि आणखी दोघांचे प्राण गेले.

वाचलेल्या तिघांपैकी एक होते दुय्यम अधिकारी हर्बर्ट वायली. पुढे ‘मेकन’ची सूत्रं त्यांच्याकडे आली. १२ फेब्रुवारी १९३५ रोजी कॅलिफोर्नियाजवळ खराब हवेत तेही समुद्रात पडलं. या वेळी मात्र लाइफ जॅकेट होती, तराफे होते. ८३ जणांपैकी ८१ जण घरी परतले.