स्टार्चने शिसं निघतं, पण कॉर्नफ्लोअरने नव्हे

जानेवारी २०१४मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये तिथल्याच एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा बोभाटा झाला तो रंगाचा. जड धातू असे दिसून येत नाहीत, म्हणूनच त्यांच्याबद्दल ऐकीव माहिती फार. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पावडरीने हे धातू पाण्यातून काढता येतात, ही बातमीही तशीच फिरते. ती खोटी नाही, पण अर्धवट आहे.

गैरसमज : पाणी नितळ आहे, म्हणजे धातू नाहीत.
वस्तुस्थिती : घातक ठरेल इतकं शिसं किंवा कॅडमियम विरघळलेलं असलं, तरी पाण्याला रंग, वास, चव काहीही येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत १० मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याहूनही कमी. हे प्रयोगशाळेतल्या तपासणीतच कळतं.

गैरसमज : पाणी उकळलं की निर्धास्त.
वस्तुस्थिती : उकळल्याने जंतू मरतात, धातू मात्र भांड्यातच राहतात. पाच लिटर पाणी आटून चार लिटर झालं, तर त्यातल्या शिशाचं प्रमाण सव्वापट होतं. यूव्ही दिवाही जंतूंपुरताच. आरओ बहुतेक धातू अडवतो, पण ते वाया जाणाऱ्या पाण्यातून गटारात जातात.

गैरसमज : मग पाण्यात कॉर्नफ्लोअर ढवळलं तर?
वस्तुस्थिती : गार पाण्यात ते तळाशी बसेल, गरम पाण्यात त्याची खळ होईल आणि शिसं जवळपास तेवढंच राहील. साध्या स्टार्चची धातूंवरची पकड फार कमकुवत असते. म्हणून त्यात दोन बदल करतात. आधी त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधतात, म्हणजे तो पाण्यात विरघळत नाही. मग धातू धरून ठेवणारे गट त्यावर जोडतात. १९७०च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्चवर कार्बन डायसल्फाइड वापरून स्टार्च झँथेट तयार केलं. त्यातलं गंधक शिसं, तांबं, कॅडमियम घट्ट पकडतं. लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस रेयॉन करताना हीच प्रक्रिया वापरतात. कल्याणला लागून असलेल्या शहाडमध्ये हा उद्योग गेली कित्येक दशकं चालू आहे. कार्बन डायसल्फाइड विषारी आणि झटकन पेट घेणारं असतं. हे काम घरी करण्याचं नाही.

गैरसमज : एकच पावडर सगळ्या धातूंना चालते.
वस्तुस्थिती : शिसं, निकेल, कॅडमियम पाण्यात बहुधा धनभारित असतात, त्यांना ऋणभारित गट लागतात. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या कामातल्या, पाण्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम मात्र क्रोमेटच्या रूपात, म्हणजे ऋणभारित असतं. त्याला अमाइन जोडलेला धनभारित स्टार्च लागतो. पाणी फार आम्लधर्मी असलं, तर शिशासारख्या धातूंच्या जागा हायड्रोजनच अडवून बसतो. पाणी जड असलं, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही वाटेकरी होतात.

गैरसमज : पावडरीने धातू नष्ट होतात.
वस्तुस्थिती : धातू हे मूलद्रव्य, ते नष्ट होत नाही, फक्त पाण्यातून पावडरीवर येतं. काही प्रकारांत आम्लाने धुऊन धातू परत मिळवता येतो आणि पावडर पुन्हा वापरता येते. तसं करता आलं नाही, तर ती पावडर घातक कचरा ठरते. तिची जागा तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात; नाल्याकाठी टाकली तर धातू पुन्हा पाण्यात उतरायला वेळ लागत नाही.

गैरसमज : उल्हास, वालधुनीत पावडर टाकली की नदी स्वच्छ.
वस्तुस्थिती : वाहत्या नदीत पाणी अफाट, धातू विरळ, सोबत सांडपाणी आणि गाळ. टाकलेली पावडर गोळा तरी कोण करणार? तिची खरी जागा कारखान्याच्या आत आहे. प्लेटिंगच्या युनिटमध्ये आधी चुना घालून बहुतेक धातू गाळाच्या रूपात खाली बसवतात. उरलेला अंश काढायला अशा स्टार्चचा थर उपयोगी पडतो. तिथे पाणी कमी असतं, धातू कोणता हे माहीत असतं आणि पावडर हाती राहते. पाणी एकदा सामायिक सांडपाणी केंद्रात मिसळलं की दहा कारखान्यांची रसायनं एकत्र होतात आणि काम अवघड होतं.

ठाणे ते अंबरनाथ पट्ट्यात हे तंत्र वापरायचं असेल, तर ते नळाला किंवा नदीला लावून भागणार नाही. धातू ज्या युनिटमधून बाहेर पडतो, त्याच्याच दारात तो अडवायला हवा.