इंजिन, पुली आणि पंप : मेळ कसा घालावा?

विजेच्या पंपांचा प्रसार पुष्कळ झाला असला, तरी जेथे वीज पोहोचत नाही किंवा पुरेशी मिळत नाही, तेथे ऑईल इंजिन व पट्ट्यावर फिरणारा पंप ही जोडी बागाइताचा आधार ठरू शकते. इंजिन नवे, पंपही चांगला; तरी पाणी कमी पडते आणि डिझेल मात्र जास्त जळते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी इंजिन खोलण्यापूर्वी दोन्ही पुल्यांची मापे घ्यावीत.

फेऱ्यांचा हिशेब

इंजिनाचे व पंपाचे दर मिनिटाचे फेरे त्यांच्या नामपट्टीवर दिलेले असतात. इंजिनाचे फेरे गुणिले त्याच्या पुलीचा व्यास, हा गुणाकार पंपाचे फेरे गुणिले त्याच्या पुलीचा व्यास याबरोबर आला पाहिजे. समजा, इंजिन ६५० फेऱ्यांचे, पंप १४४० फेऱ्यांचा व पंपाची पुली १५ सें.मी. व्यासाची आहे. १५ ला १४४० ने गुणून ६५० ने भागले असता इंजिनाची पुली सुमारे ३३ सें.मी. येते. पट्टा थोडा घसरतो, म्हणून शेकडा ३ वाढ धरून ती ३४ सें.मी. घ्यावी.

अश्वशक्तीचा हिशेब

दर सेकंदाला मिळणारे लिटर पाणी गुणिले एकूण उंची मीटरमध्ये, भागिले ७५, म्हणजे पाण्याची अश्वशक्ती. एकूण उंचीत नळातील घर्षणही धरावे. सेकंदाला १० लिटर पाणी १५ मीटर चढवावयाचे असल्यास २ अश्वशक्ती होते. पंपाची कार्यक्षमता शेकडा ५० धरल्यास पंपाला ४ अश्वशक्ती लागेल. पट्ट्यातील घट व इंजिनावरील सततचा भार लक्षात घेता येथे ६ अश्वशक्तीचे इंजिन योग्य होय.

पुली लहान करण्याचा मोह

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते, ऊस सुकू लागतो, आणि पंप अधिक जोरात फिरावा म्हणून शेतकरी त्याची पुली बदलून लहान बसवितो. १५ ऐवजी १२.५ सें.मी.ची पुली बसविली की पंपाचे फेरे सव्वापट नव्हे, तर १.२ पटच होतात. म्हणून यात काही धोका नाही असे वाटते. परंतु फेरे वाढले की पाणी साधारणतः त्याच प्रमाणात, दाब त्याच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. १.२ चा घन सुमारे १.७३. म्हणजे ४ अश्वशक्तीच्या ठिकाणी जवळजवळ ७ लागतील! ६ अश्वशक्तीचे इंजिन हा भार पेलू शकत नाही. ते दमते, काळा धूर सोडते, तापते, आणि पिकाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवसांत बंद पडते.

उलट, फेरे शेकडा १० कमी पडले तर दाब शेकडा १९ ने घटतो. पंप फिरत राहतो, पण पाणी वर येत नाही.

ओढीच्या बाजूस तर फेरे वाढवून काहीच लाभ होत नाही. हवेच्या दाबामुळेच पाणी पंपापर्यंत चढते. व्यवहारात पंप पाण्यापासून ६ मीटरपेक्षा अधिक उंच नसावा; कमी असेल तितके उत्तम. पाणी खाली गेले तर पुली बदलू नये, विहिरीत मजबूत कट्टा करून पंपच खाली घ्यावा.

बसविताना घ्यावयाची काळजी

दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत, हे ताणलेल्या दोरीने पाहावे. सपाट पट्ट्याची ताणलेली बाजू खाली व सैल बाजू वर असावी. फेरे वाढविण्यासाठी गव्हर्नरची स्प्रिंग आवळू नये. पट्ट्याभोवती जाळी असावी. धोतराचा सोगा किंवा पदर अडकून जिवावर बेतू शकते. पट्टा चढविताना व उतरविताना इंजिन बंदच असले पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी प्रत्येक इंजिनाची चार मापे, म्हणजे दोन्हींचे फेरे व दोन्ही पुल्यांचे व्यास, टिपून घ्यावीत. फेरे मोजण्याचे यंत्र मिळाल्यास पंपाचे प्रत्यक्ष फेरेही तपासावेत. एवढ्या हिशेबाने डिझेल वाचेल, इंजिन टिकेल आणि भर उन्हाळ्यात पिकाला वेळेवर पाणी मिळेल.