भंगारातलं जनित्र आणि फुकटची वीज

सायकलच्या टायरला घासून फिरणारा डायनॅमो ज्यांनी वापरला आहे, त्यांच्या पोटऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दिवा लागला की पेडल जड होतं. भंगारातून चुंबकीय जनित्र बनवणाऱ्या हौशी मंडळींचं सगळं यशापयश या जडपणाभोवतीच फिरतं. मेलेल्या हार्डडिस्कमधले कमानीसारखे निओडिमियम चुंबक, बिघडलेल्या प्रिंटरची स्टेपर मोटर, टाकून दिलेल्या वॉशिंग मशीनचा रोटर, जुन्या ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार, एवढ्या सामानातून खरोखर वीज निघते. स्टेपर मोटरची दांडी बोटांनी फिरवली तरी तिच्या तारांना जोडलेला एलईडी लुकलुकतो. पण या मंडळींत दोन पंथ आहेत. एकाला तो जडपणा मान्य असतो, दुसऱ्याला तो चुकवायचा असतो. पहिल्याने घरं उजळली. दुसऱ्याच्या हाती भिरभिरणाऱ्या चाकापलीकडे काही लागलं नाही. हा योगायोग नव्हे.

मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवलं की वेटोळ्याजवळचं चुंबकक्षेत्र बदलत राहिलं तर तारेत विद्युतदाब निर्माण होतो. तीन वर्षांनी लेन्झने त्याची दिशा सांगितली. वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की त्याचं स्वतःचं चुंबकक्षेत्र तयार होतं आणि ते फिरणाऱ्या चुंबकाला अडवतं. तारेची टोकं मोकळी असतील तर प्रवाह नाही, म्हणून ही ओढही नाही. चाक मजेत फिरतं आणि मल्टिमीटर बऱ्यापैकी व्होल्ट दाखवतो. नवशिका हुरळतो तो इथेच. बल्ब जोडला की तोच आकडा कोसळतो, चाक मंदावतं आणि खरा हिशेब सुरू होतो. त्या ओढीविरुद्ध चाक फिरतं ठेवायला जे काम करावं लागतं, तेच थोडंफार उष्णतेत गमावून बल्बमध्ये उतरतं. ओढ काढली तर वीजही गेली. सर्वसाधारण माणूस बराच वेळ पेडल मारताना सुमारे 75 वॅट देऊ शकतो. या हिशेबाने लाइट बिलातलं एक युनिट बनवायला तेरा तासांहून जास्त पेडल मारावं लागेल, तेही वाटेत काहीच वाया जात नाही असं धरून. वीज महाग झाली म्हणून कुरकुरणाऱ्याने एकदा हे करून पाहायला हरकत नाही.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या स्कोरेग या वस्तीत गाडीरस्ता पोचत नाही. जायचं तर होडीने किंवा चालत. विजेच्या तारांपासूनही दूर असलेल्या या जागी ह्यू पिगट गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकापासून पवनचक्क्या बनवत आले. गाड्यांची हब आणि ब्रेक ड्रम हा त्यांच्या सुरुवातीच्या जनित्रांचा सांगाडा. पुढे त्यांनी प्रसृत केलेली रचना जगभरच्या हौशींनी उचलली: दोन लोखंडी तबकड्यांवर चुंबक, आणि त्यांच्या मधोमध रेझिनमध्ये ओतून पक्की केलेली तांब्याची वेटोळी. वेटोळ्यांना लोखंडी गाभा नसल्यामुळे चुंबक जागोजागी अडखळत नाही आणि चक्की मंद वाऱ्यातही फिरू लागते. इथला बारकावा महत्त्वाचा आहे. या रचनेने काढून टाकली ती लोखंडाची अडखळण. विजेची ओढ तशीच ठेवली आणि तिचा भार पात्यांवर, म्हणजे वाऱ्यावर टाकला. न्यूझीलंडमध्ये फिशर अँड पायकेल कंपनीच्या जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरी ओढ्याच्या पाण्यावर फिरवणाऱ्यांनीही हेच केलं. मलावीत दुष्काळामुळे शाळा सुटलेल्या विल्यम कामक्वाम्बाने ट्रॅक्टरचा पंखा, सायकलची चौकट आणि डायनॅमो जोडून घरात दिवे लावले, तेव्हा किंमत वाऱ्यानेच मोजली होती.

दुसऱ्या पंथाचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. फ्रिजच्या दाराला चिकटलेला चुंबक वर्षानुवर्षं स्वतःला तोलून धरतो, मग त्याची ताकद वापरून चाक का फिरू नये? उत्तर असं की धरून ठेवणं म्हणजे काम करणं नव्हे. दाराला ठोकलेला खिळाही तेवढंच करतो. चुंबक जवळ येताना जेवढं देतो तेवढंच दूर नेताना परत घेतो, त्यामुळे पुऱ्या फेऱ्याअंती शिल्लक शून्य. शिवाय चुंबकात साठा तरी किती असतो? दहा घनसेंटिमीटरच्या उत्तम निओडिमियम तुकड्यातली ऊर्जा मोजक्या ज्यूलांची, तर साध्या पेन्सिल सेलमध्ये हजारो ज्यूल. अमेरिकेतल्या जोसेफ न्यूमन यांचं यंत्र घेतल्यापेक्षा जास्त वीज देतं असा दावा होता. 1986 साली तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने ते मोजलं, तेव्हा बाहेर पडलेली वीज आत घातलेल्या विजेहून कमीच निघाली. आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने 2006 साली जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिलं. तिनेच नेमलेल्या परीक्षक मंडळाने 2009 साली सांगितलं, ऊर्जा निर्माण होते असं दिसलं नाही.

यातले सगळेच लबाड असतात असं मी मानत नाही. झटक्या-झटक्याने वाहणारा प्रवाह साध्या मल्टिमीटरवर मोजला, की तो बिचारा खोटं बोलतो, आणि बनवणारा त्यावर मनापासून विश्वास ठेवतो. म्हणून कसोटी मीटरची नको. बाहेर पडणारी वीज परत यंत्राला जोडावी, बॅटरी काढून न्यावी, आणि यंत्र बल्बसकट चालतं का ते पाहावं. पेटंट मिळालं आहे, हेही उत्तर नव्हे. केवळ चुंबकांवर चालणाऱ्या मोटरीला अमेरिकेत 1979 साली पेटंट मिळालं होतं, पण त्यावर कुणाचं घर चालल्याचं ऐकिवात नाही. आपल्या 1970च्या पेटंट कायद्याचं कलम 3(अ) तर सुप्रस्थापित निसर्गनियमांना उघड छेद देणारे दावे दारातच अडवतं.

राहिला व्यवहारी आक्षेप: सौर पॅनेल इतकी स्वस्त झाली असताना तार गुंडाळत बसायचं कशाला? बिल वाचवायला असेल, तर बसू नये. चांगल्या वाऱ्याची किंवा वाहत्या पाण्याची जागा नसेल तर मुळीच नाही. पण बारमाही ओढा रात्रीही वाहतो, पावसाळ्यात तर जोरात, नेमका पॅनेल सुस्तावलेली असतात तेव्हा. आणि आपण गुंडाळलेलं वेटोळं जळलं तर ते पुन्हा कसं गुंडाळायचं, हे गुंडाळणाऱ्याला माहीत असतं.